अर्धी दाढी

सलूनवाले काका तोंडाने फटकळ, पण खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला त्यांनी उभ्या आयुष्यात अर्ध्यावरून उठवलं नव्हतं. त्या दिवशी एका गालावरून वस्तरा फिरवून झाला, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन वाजला आणि तो मधाळ आवाजात बोलू लागला, "हो मावशी, बँकेतूनच बोलतोय. खातं बंद पडेल हो! आलेला ओटीपी सांगा बघू."

काकांना शिसारी आली. असल्या तोंडाला आपण हात लावला! त्यांनी फोन हिसकावला. "मावशी, काही सांगू नका! बँक कधी ओटीपी विचारत नाही. फोन ठेवा आणि स्वतः बँकेत जा." मग त्याला फेसासकट दाराबाहेर काढलं.

"अहो, अर्धी दाढी राहिली!"

"राहू दे! तुझ्यासारखे तोंडावरून ओळखू येत नाहीत. आज तू तरी ओळखू येशील."