खल्लास

तेव्हा माझी पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ डोंगरावर होती. मी कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. वरच्या चौकीवर नाईक दामू, आमच्याच वसईच्या खाडीकाठचा, आणि त्याचे दोन जवान. रोज संध्याकाळी दामू रीतसर रिपोर्ट द्यायचा आणि मग हळूच विचारायचा, "काय रं, आज मच्छी काय?" मच्छी कुठली डोंबलाची! रोज डाळ.

एका दुपारी शेलिंग झालं. थांबल्यावर मी वर कॉल दिला.

"रिपोर्ट दे. ओव्हर."

नुसती खरखर. मग दामूचा आवाज, "...खल्लास. ओव्हर."

आणि सेट बंद पडला.

मेजरसाहेब पंजाबचे. त्यांना हा शब्द हिंदी सिनेमातून ठाऊक, तिथे माणूस खल्लास होतो. "कौन? कितने?" मी काय सांगणार, कपाळ! आमच्या गावात टोपलीतले बोंबील संपले तरी खल्लासच म्हणतात. पण त्या घडीला मीही साहेबांचाच अर्थ धरला. दामू बोलला म्हणजे तो आहे, मग गेलं कोण?

स्ट्रेचर घेऊन आम्ही धापा टाकत चढलो. बघतो तर तिघंही धडधाकट, रिकामी किटली पुढ्यात घेऊन बसलेले.

"गाढवा, काय खल्लास?"

"पानी! जेरीकॅन फुटला ना."

मी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि मिठी मारली. साहेबांनी ऑर्डर काढली, "आज से रेडिओ पर यह शब्द बंद!"

पुढच्या हिवाळ्यात त्याच चौकीवर दामू शहीद झाला. बातमी माझ्याच सेटवर आली. मी उघड रडलो. गावात मात्र कुणी तोंडाळ माणूस बोलून गेला, "दामू खल्लास." ते दामूच्या बायकोच्या, शेवंतीवहिनींच्या कानावर पडलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर तो शब्द कुणी काढत नाही.

यंदा दामूच्या स्मृतिदिनाला मी चंदनसारहून आचोळ्याला त्यांच्याकडे गेलो. त्यांची कॉलेजात जाणारी नात दामूचा युनिफॉर्ममधला फोटो पुसत होती.

"आजी, आजोबा काय खल्लास दिसायचे गं!"

मी चहाचा कप खाली ठेवला. हल्लीची पोरं रुबाबदार माणसाला असं म्हणतात, हे वहिनींना कोण सांगणार? वहिनींनी फोटोकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला. म्हटलं, झालं आता. पण त्या हसत होत्या.

"व्हताच मेला तसा," त्या म्हणाल्या.