झाडाच्या सालीतली टाच

ऑफिसात तिला कुणी नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नाही. गेममधली झाडं, खडक, पडक्या भिंती ती करायची, म्हणून ती सगळ्यांची झाडंताई. खेळणारा झाडामागे लपतो, तिथून नेम धरतो आणि पुढे पळतो. झाडाकडे कोण बघतंय? पण झाड खोटं वाटलं की लगेच डोळ्यांत खुपतं. तेवढ्यासाठी झाडंताई कॅमेरा घेऊन खोडांच्या सालीचे फोटो काढत हिंडायची. तिचं सगळ्यात गाजलेलं झाड मात्र कुठल्याच झाडावरून केलेलं नव्हतं. त्या वाळक्या, भेगाळलेल्या खोडासाठी तिने आईच्या टाचेचा फोटो वापरला होता.

आई तीस वर्षं एका बेकरीच्या काउंटरमागे उभी राहिलेली. टाचा अशा फुटल्या होत्या की चादरीचे धागे त्यात अडकायचे. "अगं, फोटो काढायचाच तर तोंडाचा काढ, पाय कसले काढतेस?" असं म्हणत का होईना, तिने पाय स्टुलावर ठेवला होता. डाव्या टाचेवर फुलीसारखी एक खूण होती. झाडंताईने लहानपणी ग्लास फोडला आणि मार बसेल म्हणून काचा सतरंजीखाली सरकवल्या. त्यातली एक आईच्या पायात गेली. ती खूणही झाडाच्या बुंध्याशी जशीच्या तशी उतरली होती.

मग आईचं अर्धं अंग लुळं पडलं आणि झाडंताईने नोकरी सोडली. थोड्या दिवसांसाठी सोडली. त्या थोड्या दिवसांची सात वर्षं झाली. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, उचलून खुर्चीत बसवायचं. झाडंताईच्या पायांना बसणं माहीतच राहिलं नाही. तिचा दादा दर रविवारी फोन करायचा आणि "काही लागलं तर सांग गं" म्हणून ठेवून द्यायचा. काय लागतं ते ती एकदा खरंच सांगायला लागली, तर त्याला नेमका दुसरा फोन आला.

आई जाऊन आठ महिने झाले. घरात करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तिला आपलं काम परत हवं होतं. नुसती नोकरी नको होती, तेच काम हवं होतं. तिने जुन्या स्टुडिओत फोन लावला. तिथे आता हेड होता पेन्सिल. तिच्या हाताखाली शिकताना पेन्सिली चावून चावून संपवायचा, त्यावरून पडलेलं नाव.

"ताई, तुम्ही? अहो, या ना! फक्त टेस्ट द्यावी लागेल. सगळ्यांनाच असते."

"तुझी कुणी घेतली होती रे?"

"तुम्हीच की!" तो मनापासून हसला. "पण आता मी तपासत नाही. टीम तपासते, नाव न बघता. सोमवारी पाठवतो, शुक्रवारपर्यंत द्या."

तिने जुना कॉम्प्युटर पुसून सुरू केला, तर स्क्रीनवर अपडेटच्या सूचनांची रांगच लागली. मॉडेल घडवायचं सॉफ्टवेअर जुनं, रंगवायचं जुनं, गेम चालवून बघायचं इंजिन तर पारच जुनाट. आणि डिस्कवर जागा जेमतेम एकाच्या अपडेटपुरती.

दादाला विचारलं, हे तिचं चुकलंच.

"त्यात विचार कसला करायचा? सगळंच अपडेट करून टाक!"

"अरे दादा, मशीनला झेपणार नाही."

"मग नवीन मशीन घे," दादा म्हणाला. सल्ला द्यायला त्याचा हात कधीच आखडता नसे.

शेवटी तिचं तिनेच ठरवलं. घडवायचं सॉफ्टवेअर जुनंच राहू दे. बोटांना त्याची बटणं पाठ होती आणि पाच दिवसांत नवी बटणं शोधत बसणं परवडणारं नव्हतं. इंजिनमधलं काम तिच्याकडे कुणी मागणार नव्हतं. रंगवायचं तेवढं नवं हवं, कारण साल रंगवण्यातच तिचं नाव झालेलं. रविवारी सकाळी ते अपडेट केलं आणि बऱ्याच महिन्यांनी तिने गाणं गुणगुणलं.

सोमवारी टेस्ट आली. एक लहानसा फोटो आणि खाली ओळ: 'हे स्टुडिओचं स्वतःचं झाड. साल हुबेहूब अशीच हवी.' बुंध्याशी फुली होती.

आधी तिला हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला. स्टुडिओचं स्वतःचं! आईची टाच स्टुडिओची कधी झाली? तिने ताबडतोब आपली जुनी फाइल काढली. झाड पेन्सिल यायच्या आधीचं, त्याला काय माहीत; त्याला दाखवायची, त्याचं तोंड बघायचं. नव्या व्हर्जनने विचारलं, 'फाइल नव्या पद्धतीत बदलू?' तिने रागाच्या भरात 'हो' दाबलं. नोकरीत असताना हीच बाई प्रत्येकाच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवत फिरायची: आधी कॉपी, मग अपडेट.

जुनं व्हर्जन टाचेच्या फोटोची फाइलमध्येच ठेवलेली प्रत दाखवायचं. नव्या व्हर्जनने मूळ फोटो शोधला. तो ऑफिसातल्या कधीच भंगारात गेलेल्या मशीनवर होता. सापडला नाही, म्हणून तिथे राखाडी चौकोन ठेवला आणि फाइल आपणहून सेव्ह केली.

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग डिस्क उलटीपालटी केली, जुने फोन चार्जिंगला लावले, ड्रॉवर उपसले. आईचे तोंडाचे फोटो पुष्कळ सापडले. टाच कुठेच नव्हती. ती जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली. आई गेली तेव्हा पाहुण्यांचं बघण्यात हे राहूनच गेलं होतं.

डोळे पुसून उठताना पलंगावरून लोंबणाऱ्या चादरीचा धागा तिच्या पायात अडकला.

तिने पाय वळवून टाच बघितली. बराच वेळ बघत राहिली. मग तोच स्टूल ओढला, खिडकीपाशी नेला, पाय वर ठेवला आणि वाकून फोटो काढला. साल चार दिवसांत उभी राहिली, शुक्रवारी दुपारी तिने ती पाठवून दिली.

संध्याकाळी पेन्सिलचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, टीम चाट पडलीय! भेग न् भेग जुळते म्हणतात. कसं जमवलंत?"

"सात वर्षं लागली," हे तिच्या ओठांवर आलं होतं. "नव्या व्हर्जनमध्ये सोपं जातं," ती म्हणाली.

"बघा! म्हणून अपडेट राहायचं. सुरुवात ज्युनिअर म्हणून करावी लागेल हं, मध्ये गॅप आहे ना. आणि एक बारीकसं राहिलंय. खाली ती फुलीसारखी खूण आहे बघा, ती तुमच्यात नाही. तेवढी घालून पाठवा."

"कसली खूण आहे रे ती?"

"काय माहीत! कुणाची तरी चूक असेल. पण आता सगळीकडे तशीच गेलीय."

फोन ठेवून तिने कॉम्प्युटरवर रंगवायचं पेन उचललं. आईची ती जखम भरायला महिना लागला होता, आणि त्या महिन्यात काचा कुणी लपवल्या हे आईने एकदाही विचारलं नव्हतं. झाडंताईला दोन रेघा पुरल्या. तिने फाइल सेव्ह केली आणि पाठवून दिली.