पोवळ्यांवर पोहलेली आई

आईला अंदमानला नेणार म्हटल्यावर काकू म्हणाली, "ह्या वयमा तिले समुद्र काय दखाडस? काशीले लई जाय."

आमच्या कळसाडी गावात बायका घराबाहेर पडतात त्या देवाला. मी तिकिटं आधीच काढली होती. घरातली पहिली पदवीधर मी. पदवी घेतली त्या दिवशी आई आली नव्हती, कारण कापूस वेचणी चालू होती. त्या वेचणीवरच माझं होस्टेल चाललं. शाळेत नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. आता एकदा तरी तिला तिच्या आवडीच्या ठिकाणी न्यायचं, असं मी ठरवलं होतं.

तिची आवड म्हणजे पाणी. तिचं माहेर प्रकाशा, तापीकाठचं. कमरेला वाळका भोपळा बांधून ती तिथे पोहायला शिकली. लग्नानंतर मात्र कुणी तिला पाण्यात उतरू दिलं नाही. सुनेनं पोहायचं नसतं म्हणे.

बेटावर पोवळी दाखवणारा वाटाड्या चांगला पन्नाशीचा होता. आईची साडी पाहून तो मला म्हणाला, "मॅडम, अम्मा को काँच वाली बोट में बिठाओ. साडी में नहीं होगा."

"काय म्हनस तो?" आईनं मोठ्यानं विचारलं. शेजारचं जोडपं वळून हसलं.

"आई, हळू बोल ना," मी म्हणाले. हे वाक्य मला आजही टोचतं.

आईनं मला विचारलं, "तू काबर बोली नही ऱ्हायनी? सांग त्याले, मी तापीमा पोहेल शे."

मी सांगितलं. तो म्हणाला, नदी वेगळी, समुद्र वेगळा. साडी पायांत अडकली तर जबाबदारी त्याच्यावर येणार. त्याचं चुकत नव्हतं. पण तेवढ्यात आईनं साडीचा घट्ट काष्टा घातला होता, पदर कमरेला खोचला होता, आणि लाइफ जॅकेटसाठी हात पुढे केला होता.

"अब कुछ नहीं अटकेगा," मी म्हणाले. "पहले कम पानी में देख लो. नहीं जमा, तो हम दोनों वापस."

किनाऱ्याशी आई वाकली. पाय घालण्याआधी तिनं ओंजळीतलं पाणी कपाळाला लावलं, तापीला लावतात तसं. ते ओघळून ओठांवर आलं तसा तिनं चेहरा झटकला. पाणी खारट असेल हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मग ती उताणी होऊन तरंगली. वाटाड्यानं पाहिलं, मान हलवली, आम्हाला श्वासाच्या नळ्या दिल्या आणि रबरी रिंग पुढे केली.

तिघं खोल पाण्याकडे गेलो. मी रिंग घट्ट धरून, भेदरलेली. आई एक हात सोडून, चेहरा पाण्यात घालून. खाली पिवळी, जांभळी पोवळी पसरली होती, काही थेट कोबीच्या गड्ड्यासारखी. त्यांतून निळे मासे ये-जा करत होते. तिच्या गळ्यातल्या माळेतलं पोवळं ह्याचंच असतं, हे मी तिला सांगणार होते. तिचं लक्षच नव्हतं.

वेळ संपली. वाटाड्यानं रिंग किनाऱ्याकडे वळवली. आईनं तोंडातली नळी काढली.

"सांग त्याले, आखो एकदाव." तिला अजून एक फेरी हवी होती.

मघाशी हसलेलं ते जोडपं जवळच काचेच्या तळाच्या बोटीत बसलेलं होतं.

"आखो एकदाव!" मी ओरडले, तिच्यापेक्षा मोठ्यानं. वाटाड्याला शब्द कळले नसतील. आईनं मात्र तोवर रिंग पुन्हा खोल पाण्याकडे ओढायला घेतली होती.