पेन्सिलीतला खुनी

शहापूरच्या विणकर गल्लीत राजाबाईंनी चाळीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या आणि त्याच चाळीस वर्षांत वाचनालयातल्या यच्चयावत रहस्यकथा फस्त केल्या. एका हातात रहाटाची मूठ, दुसऱ्या हातात सूत, पुढ्यात उघडं पुस्तक. खुनी ओळखला की त्यांच्या पोटात राहायचं नाही. त्याच पानाच्या कडेला पेन्सिलीनं त्याचं नाव लिहायचं आणि पुस्तक साळसूदपणे परत करायचं. तीस वर्षं वाचनालय सांभाळणारे भावकू यावरून इतके पेटलेले, की हा महाभाग सापडला तर त्याचं सभासदत्व त्याच दिवशी रद्द, अशी पाटीच त्यांनी लावली होती. राजाबाई ती पाटी दर आठवड्याला मुकाट वाचत.

मग लोकप्रिय कादंबऱ्यांवर संशोधन करणारी आरोही वाचनालयात आली. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा, प्रत्येकीची घडण कशी असते हे ती शोधत होती. त्या पेन्सिलीनं तर तिला वेडच लावलं. साठ पुस्तकं तपासली, सत्तावन्न नावं बरोबर! रविवारी तिनं वाचनालयात भाषणच ठेवलं. हा वाचक शिकल्यासवरल्यांच्या टिळकवाडीतला कुणी वकीलच असणार, असं तिनं ठासून सांगितलं.

मागच्या बाकावर राजाबाई हे ऐकत होत्या. बोलावं तर पुस्तकं बंद, आणि पुस्तकांशिवाय दिवस कसा जायचा? पण आपली अक्कल कुणा वकिलाच्या नावावर जाते म्हणजे काय? त्या उठल्याच.

"वकील न्हाय गं पोरी. ते मी लिवलंय."

भावकूंचा विश्वास बसेना. तेव्हा आरोहीनं त्यांच्या टेबलाच्या खणातून कालच आलेली कोरी रहस्यकथा काढली आणि ती मोठ्यानं वाचायला लागली. बंगल्यात खून झाला, पुतण्या रडला, डॉक्टर येऊन हळहळला, नोकर गप्प राहिला. बाविसाव्या पानावर राजाबाईंनी हात वर केला.

"थांब. डाक्टर हाय. कुणी न इचारता मेलेल्याचं गुणगान करालाय. असा माणूस दर येळी खुनी निघतोय."

आरोहीनं शेवटची पानं भराभरा उलटली आणि आनंदानं उडीच मारली. डॉक्टरच होता. लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि आरोही वही घेऊन राजाबाईंच्या पायाशीच बसली, आणखी काय काय ओळखता ते सगळं सांगा म्हणून.

भावकू तेवढे डोकं धरून बसले होते. राजाबाईंनी भीतभीत त्यांना विचारलं, नाव कमी करणार का म्हणून.

"नाव ऱ्हाऊ दे, आक्का," ते म्हणाले. "पण तीस वर्षांत एक बी खुनी मला शेवटच्या पानावर गावला न्हाय. ह्ये पुस्तक तरी तुझ्याआधी वाचायचं म्हणून लपवून ठिवलंतं."