देव तारी, दोर मारी

या गृहस्थांना सारे ‘दाखवामिस्त्री’ म्हणत. वय अठ्ठावन्न, व्यवसाय लिफ्टची देखभाल. कोणी काहीही सांगितले की त्यांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द ‘दाखवा’ हा असे. दुधात पाणी नाही? दाखवा. जावई निर्व्यसनी आहे? दाखवा. देव आहे? मग तर दाखवाच. देव नाही, असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. “सिद्ध करायचं ओझं सांगणाऱ्यानं उचलावं, मी हमाल नाही,” एवढेच म्हणत.

नऊ मजल्यांची एक इमारत त्यांच्याकडे देखभालीला होती. तिच्या सातव्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण एकटी राहत असे. ताईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले होते. श्रद्धा मात्र ठणठणीत. लिफ्टमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी त्या डोळे मिटून हात जोडत.

“हा नमस्कार कुणाला? दोर तर मी तपासतो,” भावाने एकदा विचारले.

“तुला कशाला करू? तू पगारी आहेस.”

एका मंगळवारी सकाळी मिस्त्रींनी गच्चीवरच्या यंत्रघरात, सावकाश सरकणाऱ्या पोलादी दोरांवर चिंधी धरली. धड दोरावर चिंधी घसरते, तार तुटलेली असली की अडकते. त्या दिवशी चारांपैकी दोन दोरांवर ती जागोजाग अडकली आणि फाटली. मिस्त्रींनी लिफ्ट तळाला नेऊन मेन स्विच बंद केला, त्याला स्वतःचे कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि नवव्या मजल्यावर सोसायटीच्या अध्यक्षांचे दार वाजवले.

अध्यक्ष जमिनीचे दलाल होते आणि बोलण्यात अत्यंत भाविक. त्यांनी फाटकी चिंधी दोन बोटांत धरून परत दिली.

“तीस वर्षांत कुणाला खरचटलं नाही, मिस्त्री. देव तारी त्याला कोण मारी?”

“ज्यांना तारलं नाही त्यांचं मत कुणी घेतलंय का, साहेब? सभेला वाचलेलेच येतात.”

“पुढच्या वर्षी बघू. थोडी श्रद्धा ठेवा आणि कुलूप काढा.”

“काढतो. पण आमच्या धंद्यात रीत आहे. जो ‘ठीक आहे’ म्हणतो, तो पहिला बसतो. एकटा. चला, तुम्ही बसा.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. मग डॉक्टरांनी आपल्याला चालायला सांगितल्याचे त्यांना एकाएकी आठवले आणि ते जिन्याने निघाले. त्यांच्या मुखाने देवाला तारणहार मानले होते. पायांनी मात्र मत राखून ठेवले होते. मिस्त्री मागोमाग उतरले, ते काहीसे विजयी मुद्रेने.

खाली बंद लिफ्टसमोर ताई उभ्या होत्या. दवाखान्यातून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकून घेतले आणि पिशवी खांद्याला अडकवली.

“मी बसते. काढ कुलूप.”

अध्यक्ष हळूच दाराबाहेर सटकले. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा विजय मावळला. दलालाला निरुत्तर करणे सोपे होते. ही बाई खरेच बसली असती.

“नाही, ताई.”

“देवावर नाही, निदान माझ्यावर तरी विश्वास ठेव.”

“तुझ्यावर आहे. दोरावर नाही.”

“जन्मभर ‘दाखवा, दाखवा’ करतोस ना? घे, आज दाखवते.”

“काय दाखवशील? वाचलीस तर इतकंच कळेल की आज दोर टिकला. आणि नाही वाचलीस, तर तुझ्या देवावरून भांडायलासुद्धा मला माणूस उरणार नाही. असला प्रयोग मी मांजरावरही करणार नाही.”

ताई जिन्याकडे वळल्या. मिस्त्रींनी पहारेकऱ्याची खुर्ची उचलली आणि त्यांच्या मागे निघाले. दर मजल्यावर खुर्ची मांडायची, ताईंनी बसायचे, गुडघे चोळायचे आणि भावाचा उद्धार करायचा, असा क्रम होता.

“असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, म्हणतेस ना?” तिसऱ्या मजल्यावर मिस्त्री म्हणाले. “मग सात मजले उचलून का नेत नाही, विचार त्याला.”

“विचारलं. म्हणाला, खुर्ची धरायला भाऊ दिलाय.”

“तोच भाऊ दोर झिजायच्या आधी नव्या दोरांसकट द्यायला काय झालं होतं?”

ताईंनी पदराने घाम टिपला. “आता बोलायला लावू नकोस. दम लागलाय.”

सातव्या मजल्याला पंचावन्न मिनिटे लागली. ताईंनी दार लावून घेतले आणि भावाला पाणीही विचारले नाही.

अध्यक्षांनी शुक्रवारी नव्या दोरांच्या मागणीपत्रावर सही केली. डॉक्टरांचा सल्ला नवव्या मजल्यापर्यंत तीनच दिवस पुरला होता. दोर येऊन बसेपर्यंत आणखी अकरा दिवस गेले. तोवर ताई घरात कोंडून राहिल्या. मिस्त्री रोज भाजी घेऊन सात मजले चढत आणि उंबऱ्यावरूनच बोलणी खाऊन उतरत.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी ताई खाली आल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “देवानंच वाचवलं हो.”

मिस्त्री तिथेच जुन्या दोरांचे वेटोळे ओढत होते. एकट्याने ते हलेना.

“असेल,” ते म्हणाले. “त्याला म्हणावं, आता दुसरं टोक धर. फार जड आहे.”