कळ जबड्यात होती

मी नाशिक रोडच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बावीस वर्षं फळ्यावर हृदय काढतेय. चार कप्पे, झडपा, निळ्या खडूनं अशुद्ध रक्त, लाल खडूनं शुद्ध. मुलांच्या आकृतीत नावाची एक रेघ दुसरीवर गेली तरी अर्धा गुण कापते. घरीही माझाच शब्द शेवटचा. खोड ती खोड.

त्या रविवारी सकाळी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. माझे यजमान, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, जबडा दाबत समोर येऊन बसले. "अगं, दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं होतंय. घामही येतोय."

चारच दिवसांपूर्वी त्यांनी दाढ भरून घेतली होती. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. "इथे दुखतंय?"

"नाही."

"मग हृदयाचं नाही. दाढेत लवंग धरा."

त्यांनी मुकाट्यानं लवंग धरली. मीही पुन्हा पेपरांत डोकं घातलं.

एका मुलीनं हृदयविकाराच्या उत्तरात लिहिलं होतं, कळ छातीतच येईल असं नाही. ती जबड्यात, पाठीत, खांद्यातही जाते, घाम सुटतो. मी बरोबरची खूण केली, पूर्ण गुण दिले आणि पुढचा पेपर ओढला. मग पेन हातात तसंच राहिलं. वर पाहिलं तर यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ईसीजी पाहत विचारलं, "दुखायला कधी लागलं?"

"आत्ताच," हे म्हणाले. तशा अवस्थेतही मला सांभाळून घेत होते. मला स्वतःची भयंकर चीड आली.

"पाऊण तास झाला," मी म्हणाले. "मीच बसवून ठेवलं."

डॉक्टरांनी लगेच स्ट्रेचर मागवलं. यांना आत नेलं. हृदयाची उजवी धमनी बंद पडली होती. दाराबाहेर उभी राहून मी इतकी घाबरले होते की कुणाला फोन करायचंही सुचलं नाही.

धमनी उघडली. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या पडद्यावर मी यांचं हृदय पाहिलं. सगळं आवळत होतं, सुटत होतं. खालच्या भिंतीचा एक तुकडा मात्र नुसता पडून होता. डॉक्टर समजावू लागले. "कळलं," मी म्हटलं.

हे कुशीवर निजले होते, त्यांना पडदा दिसत नव्हता. "काय दिसतंय गं?"

"खालचा भाग हलत नाहीये. माझ्यामुळे."

त्यांनी माझे ओले डोळे पाहिले. मग म्हणाले, "बाकीचं चालतंय ना? मग रडतेस कशाला? डॉक्टरांना काम करू दे."