आधी फाशात, मग झोका

माझ्या दाजींनी लग्नाआधी मला विहिरीत लटकवलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगूनच टाकते.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. गाव निलंग्याजवळ. नागपंचमीला आम्ही सगळ्या पोरी तिथं झोका खेळायला जमायचो. नटूनथटून लिंबाखाली गेलं की दाजी दोर घेऊन उभेच.

"आधी फाशात बसायचं. मग झोका."

मूडच जायचा सगळ्यांचा.

दोर दुहेरी धरून त्याचं एक लहान कडं करायचे. दुमडलेलं टोक खालून त्या कड्यातून वर काढायचं, की खाली दोन फासे लोंबतात. मग तेच टोक उघडून खाली लोंबणारे दोन्ही फासे त्यातून ओवून घ्यायचे आणि टोक वर, दोराच्या मागं न्यायचं. ओढलं की झाली गाठ.

दोन फासे. कितीही वजन येऊ द्या, आवळत नाहीत.

याच गाठीनं दाजी विहिरीत मोटर सोडायचे. गाडीला दोन्हीकडून दुधाचे कॅन अडकवायचे. आणि आम्हाला लिंबाला टांगायचे.

"एक मांड्यांखाली, एक काखेत. सासरी विहीर ऱ्हाईल न्हाई का?"

"दाजी, मला नांदेडचा फ्लॅटवाला नवरा बघा."

"बघायलोय की. तवर बस."

एका पंचमीला तर मला थेट विहिरीत सोडलं. पाय पाण्याला लागेपर्यंत. लई बोलले मी त्यांना. ते वर उभं राहून हसत होते.

नवरा मिळाला अर्धापूरचा. केळीची बाग, आणि घरामागंच विहीर.

मागच्या महिन्यात, पंचमीलाच, माझी धाकटी जाऊ अश्विनी काठावरच्या शेवाळावरून घसरली आणि आत पडली.

तिला पोहता येत नाही. मोटरचा पाइप दोन्ही हातांनी धरून होती. दीर वरून दोर सोडून ओरडत होते, "कंबरेला बांध!"

बांधायला दोन्ही हात सोडले असते तर ती गेलीच असती.

मी दोर वर ओढून घेतला. गाठ पडली. डोक्याला विचारावंच लागलं नाही. फासे परत खाली सोडले.

"अश्विनी, एका हातानं पाइप धर. एक फासा काखेत घाल. आता दुसऱ्यात पाय घालून बस."

दोराचे दोन्ही पदर आम्ही सगळ्यांनी मिळून ओढले.

ती वर आली. माझ्या गळ्यात पडून रडली, मग मीपण रडले.

दाजी, त्या दिवशी तुम्हाला फोन करायचा होता हो. हातात मोबाइल घेतला, आणि मग आठवलं.

काल अश्विनीनं आमच्या लिंबाला दोर बांधला. तिची लेक तोंड फुगवून उभी होती. तिला नुसता झोका पाहिजे होता.

"आधी फाशात," अश्विनी म्हणाली. "मग झोका."

तिनं तुम्हाला तिच्या लग्नात एकदाच पाहिलं होतं.

दाजी, फ्लॅटवाला नाही मिळाला त्याचं आता काही नाही. तुमच्या मेहुणीचा तुम्हाला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.